गाऱ्हाण्यावर सुटलेलं इंजिन

आमचा मिस्त्री इंजिनाला हात लावण्याआधी गाऱ्हाणं घालायचा. मनातल्या मनात नव्हे. चपला काढून, टोपी सरळ करून, चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतल्या सगळ्या गाळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "बा देवा म्हाराजा!" असा त्याने सूर लावला की शेजारच्या गाळ्यातलं लेथ मशीन आपोआप बंद पडायचं. आणि आम्ही जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हटलं की खाडीपलीकडून, गोराईच्या होड्यांतून, उलट "व्हय म्हाराजा!" ऐकू यायचं. माझी बायको म्हणते, तो प्रतिध्वनी होता. तिला खाडीतलं काय कळतं? मिस्त्रीचं खरं नाव मला फार उशिरा कळलं. तोवर सगळ्यांसारखा मीही त्याला महाराजाच म्हणायचो.

तो माझ्याकडे आला तो ट्रकमुळे. लष्कराने कधीकाळी मोडीत काढलेला एक ट्रक मी देवनारकडच्या भंगाराच्या आवारातून उचलून आणला होता. माझे बाबा फौजेत अठरा वर्षं तसलाच ट्रक चालवायचे. आता पंचाऐंशीच्या घरात आलेले, गुडघे गेलेले, दिवसभर खिडकीशी बसून खालून जाणाऱ्या टेम्पोंना नावं ठेवायचे. मनात आलं, एकदा त्यांना त्या सीटवर बसवायचं आणि चालत्या ट्रकमधून चारकोप फिरवायचं. बस, एवढंच. पण ट्रकची अवस्था अशी, की बॉनेट उघडलं तेव्हा आतून एक मांजर, तिची चार पिल्लं आणि बहुधा एक विसरलेला सुभेदार बाहेर पडला. इंजिन ठार जाम. गावच्या जमिनीला भाऊबंद धरून बसतात ना, तसे सहाच्या सहा पिस्टन सिलिंडरला धरून बसलेले. त्यात ज्या भाड्याच्या गाळ्यात ट्रक ठेवला होता, त्याच्या मालकाचा निरोप आला. शनिवारपर्यंत इंजिन फिरलेलं दाखव, तर गाळा ठेव. नाही तर त्याच दिवशी भंगारवाला गॅस कटर घेऊन येईल.

निरोप आला सोमवारी. त्याच दुपारी महाराजा आला. मूळचा मालवणकडचा, तरुणपणी गिरणीत फिटर, गिरणी बंद पडल्यावर इंजिनांकडे वळलेला. आल्या आल्या त्याने इंजिनावर तळहात ठेवला, ताप बघतात तसा. बराच वेळ ठेवला. मग म्हणाला, "जित्ता हा. निजलाहा नुसता." त्याने सहाही प्लग काढले, बरोबर आणलेल्या बाटलीतलं तेल एकेका भोकात ओतलं आणि माझा पाच किलोचा घण उचलून आपल्या मोडक्या स्टुलाच्या आखूड पायाखाली घातला. "ह्येचो उपयोग इतकोच," असं म्हणून वर बसला.

मग गाऱ्हाणं. "बा देवा म्हाराजा, ह्या इंजिनाच्या अंगात जो काय गंज शिरलो असात, तो भायर काढ रे म्हाराजा!" त्यात ग्रामदेवता यायची, वेशीवरचा राखणदार यायचा, त्या ट्रकने वाहिलेले जवान यायचे, आणि त्यांच्यासाठी शिजलेली डाळसुद्धा यायची. सुरुवातीला ओतलेल्या चहावर शेवटी साय नाही, लोणी यायचं. नियम एकच. गाऱ्हाणं चालू असेपर्यंत सगळ्यांचे हात जोडलेले. हात सुटला की गाऱ्हाणं पहिल्यापासून! सकाळी एक, संध्याकाळी एक. त्यानंतर पुढच्या पुलीच्या नटावर लांब दांडा लावायचा, अंगठ्याच्या जोराने जरा इकडे, जरा तिकडे. इंजिन हलायचं नाही. महाराजा दांडा पुसून ठेवायचा. "मुरांदे."

मंगळवार मुरला, बुधवार मुरला. घरी गेलो की बाबा खिडकीतूनच विचारायचे, "फिरलं का?" मी म्हणायचो, "मुरतंय." बाबा म्हणायचे, "लोणचं घातलंयस का रे?"

गुरुवारी माझा धीर सुटला. महाराजा जेवायला बसलेला बघून मी गुपचूप एक टेम्पो बोलावला, ट्रकला दोरखंड बांधला आणि गिअर टाकला. टेम्पोने ओढलं की चाकं फिरणार, चाकांनी इंजिन फिरणार. झकास! टेम्पोवाल्याने स्टार्टर मारला, आणि बघतो तर महाराजा स्टुलासकट दोन्ही गाड्यांच्या मधे, दोरखंडाला पाठ टेकून, मांडीवर डबा.

"महाराजा, बाजूला व्हा ना!"

"ओढ रे झिला, ओढ. पण आदी माझ्या डब्यावरसून जावचा लागात. आणि मगे बापाशीक जावन सांग, इंजिनातलो रॉड वाकडो करून ठेवलंय म्हणान."

डब्यात बांगड्याचं तिखलं होतं. तो काटे इतके सावकाश काढत होता, की टेम्पोवाल्याने शेवटी इंजिन बंद केलं आणि त्याच्यासमोर मांडी घातली. मी दोरखंड सोडला.

शनिवारी सकाळी गाळ्याचा मालक आला. त्याच्यामागे भंगारवाला, खांद्यावर कटरची नळी. महाराजाने त्यांना नमस्कार केला आणि म्हणाला, "पाच मिनटां. हात जोडा." भंगारवाल्याने नळी खाली ठेवून हात जोडले! त्या दिवशीच्या गाऱ्हाण्यात मालक आला, मालकाचा गाळा आला, भंगारवाल्याची मुलंबाळंही आली, आणि सगळ्यात मोठ्याने "व्हय म्हाराजा!" म्हणणारा भंगारवालाच होता. मग महाराजाने दांडा लावला. इकडे. तिकडे. इकडे.

कट्.

वालाच्या दाण्याएवढं हललं असेल. महाराजाने जोर वाढवला नाही. पुन्हा मागे घेतलं, पुन्हा पुढे. दाण्याची शेंग झाली, शेंगेची वीत झाली आणि प्लगच्या भोकांतून काळं तेल थुंकत इंजिन अख्खं फिरलं. मी खाली बसलो. सहा दिवस छातीत धरलेला श्वास मी तेव्हा सोडला, आणि गाळ्यात तेल टिपायला टाकलेला सगळा भुसा कांदिवली स्टेशनपर्यंत उडाला.

बाबांना फोन लावला. "बाबा, फिरलं."

पलीकडे खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला. मग, "ठीक आहे. चालू झाला की न्यायला ये. मी रिक्षाने येणार नाही."

चहा पिताना मी म्हटलं, "देव पावला, महाराजा."

तो बशीत फुंकर मारत हसला. "अरे, देवाक शिलिंडरातला काय कळता? तेल आपला काम करत होता. तुमचे हात जोडलेले रवले, इतक्याच व्हया होता."

महिन्याभराने ट्रक चालू झाला. पहिली फेरी बाबांची. दुसरी महाराजाची, कारण तो कायमचा गावी निघाला होता. पत्र्याची ट्रंक मागे टाकून आम्ही त्याला बोरिवलीला कोकणच्या गाडीवर सोडलं. बाबा उतरले नाहीत. त्यांनी सीटवरूनच त्याला कडक सॅल्यूट ठोकला. महाराजाला सॅल्यूट येत नव्हता. त्याने हात जोडले.

स्टूल गाळ्यातच आहे, घणही त्याच्या पायाखाली. वसाहतीत पंप, शटर, नटबोल्ट, कुणाचं काहीही अडकलं की माणसं आता माझ्याकडे येतात. मी चपला काढतो, तेल सोडतो आणि सगळ्यांना हात जोडायला लावतो. गाऱ्हाणं मला अर्धंच पाठ आहे. म्हणून दोनदा म्हणतो. तेवढंच तेल मुरतं.