उट्टं काढायची शिकवणी

मी शिकवणी उघडली ती सूड घ्यायला. गावात वेगळं सांगतात. एवढी शिकलेली बाई, शहरातली संशोधनाची नोकरी सोडून वडश्याला परत आली, गावाचं ऋण फेडते आहे, म्हणतात. मी कोणाचं खोडून काढत नाही. पण मला एका माणसाचं उट्टं काढायचं होतं, आणि तो माणूस अजून याच गावात, स्टेशनच्या वाटेवर फिजिक्सचे क्लास घेतो.

अकरावीत मी त्या सरांच्या क्लासला होते. त्यांनी शिकवलं की चेंडू वर फेकला की अगदी वरच्या टोकाला त्याचा वेग शून्य होतो आणि त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, तोही शून्य. मी उभी राहून विचारलं, "सर, दोन्ही शून्य असन त चेंडू खाली काऊन येते?" वर्ग हसला. सरांनी माझं दप्तर उचलून दाराबाहेर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बाबा राइस मिलमधली हमाली अर्धवट टाकून त्यांच्याकडे गेले. अंगावर कोंडा तसाच होता. हात जोडून उभे राहिले. सर खुर्चीतूनच म्हणाले, "हिच्या डोक्यात फिजिक्स घुसत नाई. डी.एड.ले टाका, नाईतर लग्न लावून द्या." घरी येईपर्यंत बाबा मला एवढंच सांगत राहिले, तू वाच, थांबू नको. मी वाचलं, आणि सरांचंच चुकलं होतं हे मला पुढे पुस्तकातून कळलं. बाबांना ते नीट समजावून सांगायचं राहून गेलं आणि आता ते नाहीत. मला एवढंच हवं होतं की त्या माणसाने गावासमोर एकदा म्हणावं, मी चुकलो.

माझी शिकवण्याची पद्धतही या रागातूनच आली आहे. दारात एक सूप ठेवलेलं असतं, पोरांनी आत येताना पेन त्यात टाकायचे. आधी उत्तराचा अंदाज बोलून सांगायचा, आपल्या भाषेत. सूत्र मागाहून. चुकीचं उत्तर मी कधी हाकलत नाही. फळ्यावर लिहिते आणि म्हणते, बरं, हे खरं मानू, मग पुढे काय काय होईल ते सांग. एकाने हिशेबात धानाचं पोतं मालट्रकएवढं जड करून ठेवलं होतं. मी म्हटलं, खरं मानलं, आता हमाल ते पाठीवर कसा घेतो ते सांग. पोरगा स्वतःच हसला आणि पुसायला उठला. भौतिकशास्त्र मी असंच शिकले. चूक शेवटपर्यंत चालवायची, ती आपली आपणच मोडते.

गेल्या हिवाळ्यात बाजारात झाडीपट्टीच्या नाटकांचे फ्लेक्स लागले, आणि त्यांच्या शेजारी सरांच्या क्लासचा. त्यावर माझा फोटो! खाली लिहिलेलं, 'आमच्या क्लासच्या माजी विद्यार्थिनी, शास्त्रज्ञ.' आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. माझ्या अंगाची लाही लाही झाली. आई म्हणाली, "जाऊ दे ना बाई, म्हातारा झाला आता." मी नाही जाऊ दिलं. चार दिवसांनी त्यांच्याच गुणगौरव कार्यक्रमाचं बोलावणं आलं, प्रमुख पाहुणी म्हणून. मी ताबडतोब हो म्हटलं.

कार्यक्रम नाटकाच्या मंडपातच होता. रात्री त्याच स्टेजवर खेळ व्हायचा होता. शाल झाली, नारळ हातात आला. सरांनी माइकवर सांगितलं की मुलीची चमक त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखली होती. टाळ्या पडल्या. मी माइकपाशी गेले आणि भाषण न करता हातातला नारळ वर फेकून झेलला.

"अगदी वर असताना याचं त्वरण किती?" मी विचारलं.

"शून्य!" सगळी पोरं एका सुरात ओरडली. सरांनी मान डोलावली. इतक्या वर्षांत त्यांनी उत्तर बदललं नव्हतं.

"बरं, खरं मानू. वेग शून्य, आणि तो बदलतही नाही. मग पुढे काय होईल?"

मग मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, मग त नारळ वर्तेच लटकून राहीन." लोक हसले, पण तिला नाही, त्या 'शून्य'ला. मी सांगितलं की ही मुलगी बरोबर बोलली, आणि नारळ लटकत नाही, कारण पृथ्वी वरच्या टोकालाही ओढायचं सोडत नाही. मग सांगितलं की याच प्रश्नासाठी याच सरांनी मला क्लासबाहेर काढलं होतं, आणि माझ्या बापाला हात जोडायला लावले होते. "सर, आता तरी सांगा, कोण चुकलं?" माइक त्यांच्यापुढे धरला. ते हसत म्हणाले, मॅडम फार विनोदी आहेत, आणि बक्षिसं वाटायला उठले. पण कान लाल झाले होते. मला गोड वाटलं. फार गोड वाटलं.

कार्यक्रम संपल्यावर मी स्टेजच्या मागे चप्पल शोधत होते. पलीकडे नाटकवाले चहा पीत होते. सर जवळ आले. आता हसत नव्हते.

"तुले काय वाटलं, मले उत्तर माहीत नव्हतं?" ते म्हणाले. "तेव्हाच माहीत होतं. बोलता बोलता चुकलो होतो मी. पण समोर मोठमोठ्या घरचे पोट्टे बसले होते. त्यांच्यासमोर बौद्ध मोहल्ल्यातली हमालाची पोरगी मले चूक ठरवन, अन् मी हो म्हणू? मग तेच शिकवत राह्यलो. माघार कोन घेते?"

एवढं बोलून ते मंडपाच्या बाहेर निघून गेले. मी गावासमोर जे मागितलं होतं, ते त्यांनी मला आडोशाला, कोणाला ऐकू जाणार नाही असं दिलं. चुकलो म्हणाले, आणि त्यात बाबांचं नावही नव्हतं.

इतकी वर्षं मी डूख धरून होते, तरी मनात त्यांच्यासाठी एक सूट ठेवली होती. बिचाऱ्याला कळत नव्हतं, म्हणून केलं असेल. ती सूट मी त्या दिवशी काढून घेतली.