भोपळ्याची हर्राशी

माझ्या गावाकडं, सातपुड्याच्या पायथ्याशी, लिलावाला लिलावच म्हणतात. हर्राशी हा शब्द मला या शहरानं शिकवला आणि त्याच शब्दानं इथल्या माणसांत बसवलं. सातवीतून शाळा सुटलेली, मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करायचो. आमच्या देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका आजींनी मला वरची खोली दिली, रविवारी आपल्या शेजारी बाकावर घेतलं. त्या साली कापणीच्या सणाला हर्राशी पुकारणाऱ्या काकांचा घसा बसला होता. आजी म्हणाल्या, "ह्याला उभा करा. मोंढ्यातला हाय, ह्याचा आवाज लासूर स्टेशनापर्यंत जाईल."

तेव्हापासून हर्राशी माझी. सणाला मंडळी कणसं, वांगी, भोपळे वेदीपुढं आणून ठेवतात आणि उपासनेनंतर त्यांची बोली लागते. रीत अशी, की घेतलेली वस्तू "परत!" म्हणून तिथंच द्यायची, पुन्हा हर्राशीला लावायची. एकच भोपळा कितीतरी घरांचा होतो. एरवी खाली मान घालून बसणारा मी, त्या दिवशी अख्खं देऊळ माझं ऐकतं.

मग कोरोना आला. पुढं देवळं उघडायची परवानगी मिळाली, तेव्हा सण ठेवायचा का नाही हे ठरवायला पाळकसाहेबांनी पंचांना आवारात बोलावलं. मलाही बोलावलं.

"परवानगी हाय, मग अडलं कुठं?" एक पंच म्हणाले.

"मास्क लावून हर्राशी करू," दुसरे म्हणाले.

"मास्कातून हा भोपळा म्हणतोय का दोडका, कळायचं कसं?"

हसू झालं. पाळकसाहेब मात्र माझ्याकडं वळले. "तू सांग. न ओरडता हर्राशी होते का?"

मला सण हवा होता, लई हवा होता. पण डोळ्यापुढं आजींचा पहिला बाक आला. आजींना दमा. सण ठेवला तर त्या घरी बसणाऱ्या नव्हत्या. मी दिवसभर मोंढ्याच्या गर्दीत असायचो. माझ्यामुळं त्यांना काही होईल या धास्तीनं त्यांनी दिलेला डबासुद्धा पायरीवरून उचलून न्यायचो.

"नाय होत, साहेब," मी म्हणालो. "मी ओरडणार, सगळे ओरडणार, आन् आजी पहिल्या बाकावर. मला नाय जमायचं."

पाळकसाहेब म्हणाले, "मग यंदा नको." माझ्या शब्दावर सण थांबला. घरी जाताना छाती भरून आली होती.

आजी जिन्याखाली उभ्याच होत्या. "माझ्या नावानं सण बंद पाडलास व्हय?" त्यानंतर पायरीवर डबा यायचा, हाक यायची नाही.

सणाच्या रविवारी मात्र हाक आली. खाली बघतो तर आजी ओट्यावर खुर्ची टाकून, नाकाला पदर लावून बसलेल्या. पायरीवर परसातला भोपळा. "तू फाटकाबाहेर जा. तिथनं पुकार."

मी गल्लीत उभा राहून पुकारलं. गच्च्यांवर माणसं आली.

"एक डबा बिर्याणी!" समोरच्या खाला ओरडल्या.

"बिर्याणीवर भोपळा? आमच्या पुरणपोळ्या लावा!" कोपऱ्यावरच्या वहिनी म्हणाल्या. घेणारा प्रत्येकजण "परत!" म्हणत होता. आजी हसता हसता खोकल्या, हातानंच मला थांबवलं.

"माझी बोली. पुढच्या साली मी पहिल्या बाकावर."

"एक वार... दोन वार..." मी आजींकडंच बघत राहिलो.

"तीन म्हण की रे!"

म्हटलं.

मधली लाट लई वाईट गेली. तरी पुढच्या सणाला आजी पहिल्या बाकावर होत्या. भोपळा त्यांच्यावरच सुटला. परत घ्यायला मी हात पुढं केला, तर त्यांनी भोपळा पदराखाली घेतला.

"हा नाय परत. गेल्या सालीच माझ्या नावावर सुटलाय."

अख्खं देऊळ हसलं. मी पुढची वस्तू उचलली आणि एवढ्या जोरात पुकारलं की पाळकसाहेबांनी कानावर हात ठेवले.