कोळ्याच्या पोराचं नाक

हसायचं तर हसा, पण आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. माझ्या नाकानेच माझं नाक असं कापलंय की आता काय सांगू तुम्हाला.

आमचे बाबा ठाण्याच्या कोळीवाड्यातले, सगळा जन्म खाडीत गेलेला. अर्धांगवायूचा झटका आला, होडी विकली आणि मी त्यांना डोंबिवलीला माझ्या फ्लॅटवर आणलं. चौथा मजला, लिफ्ट नाही. त्यांचा रोज एकच धोशा, "बाला, एकदा खारीवर ने मना."

"रविवारी नेतो खाडीवर," मी म्हणायचो. आणि रविवारी काय करायचो? झोपायचो.

एक दिवस घरात वास सुटला. कुजका, खारट, नाकात बसणारा. बायको म्हणाली, "अहो, ड्रेनेज फुटलंय."

मी फिनेल ओतलं, धूप घातला, वरच्या काकूंशी कडाक्याचं भांडून आलो. काकू म्हणाल्या, "अरे, आम्हाला तर खालून येतोय वास." पण ऐकतो कोण? प्लंबर आणला. त्याने बाथरूमच्या नव्याकोऱ्या टाइल्स फोडल्या. पाइप ठणठणीत.

"साब, लाइन एकदम ओके है."

"और तोडो," मी म्हटलं.

बाबा पलंगावरून सगळं बघत होते.

शेवटी बायको झाडू मारायला वाकली आणि तिने पलंगाखालून बादली ओढली. आत खाडीचं पाणी, दोन दगड आणि होडीच्या तळाला धरतं तसलं शेवाळ, उन्हाविना कुजून काळं पडलेलं. भेटायला आलेल्या चुलतभावाकडून बाबांनी गुपचूप मागवलेलं.

"बाबा, सांगायचं ना."

"सांगतलं असता तर फेकला असता तू." मग माझ्याकडे बघतच राहिले. "कोल्याचा पोर तू. खारीचा वास पन वलखला नाय?"

अहो, मुस्काटात मारली असती तरी चाललं असतं. मी म्हटलं, "या रविवारी नक्की. चार माणसं लावून खाली उतरवतो, ताजं हिरवं शेवाळ दाखवतो."

बाबा गुरुवारीच गेले. चार माणसांनीच उतरवलं. रविवारी अस्थी खाडीत सोडल्या. तेवढा एक रविवार मी पाळला.

गेल्या महिन्यात घरात परत तोच वास. या वेळी मी फिनेल नाही आणलं. बाथरूमच्या दारात स्टूल टाकून डोळे मिटून बसलो.

"प्लंबरला बोलवू का?" बायकोने विचारलं.

"राहू दे गं. बाबा आलेत."

ती रडली, मीही पोटभर रडलो. रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की स्टुलावर. खूप बरं वाटायचं, खरंच सांगतो.

मग खालच्या मजल्यावरचे काका वर आले, डोक्यावर टॉवेल धरून. "अरे बाबा, तुझ्या बाथरूमचं घाण पाणी आमच्या भाताच्या कुकरवर पडतंय."

या वेळी ड्रेनेज खरंच फुटलं होतं.

वर बाबांनी कपाळाला हात लावला असेल. आता पन वलखला नाय.