हालणारा फोन

रुआबांधा वस्तीत माझ्या शेजारी राहणारे काका स्टील प्लांटमधून फिटर म्हणून रिटायर झाले, पण त्यांचे हात अजून ड्युटीवरच आहेत. कोणाच्याही घरी गेले की बसण्याआधी टेबलाचा कोपरा दाबून बघतात. हालला, की खिशातून रबराचा तुकडा काढून पायाखाली सारतात, मगच चहा घेतात.

काल मी त्यांना माझा नवा फोन दाखवला. आरशासारखी पाठ, कडेपर्यंत पसरलेला स्क्रीन, त्यावरचे रंग तर बघतच राहावे असे. काकांनी रंगांकडे पाहिलंही नाही. फोन टेबलावर ठेवला आणि बोटानं कोपरा दाबला. मागच्या कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे तो डुगडुगला.

"हा तं हालून राहिला ना बे!"

"काका, सारेच फोन असे रायतात आता."

"मंग याले पास कोणं केलं?"

मी चहा आणायला आत गेलो. परत येतो तर काकांनी त्या गुळगुळीत पाठीवर, कॅमेऱ्याच्या बाजूला, सायकलच्या ट्यूबचा तुकडा पंक्चरच्या सोल्यूशननं चिकटवलेला!

"पॅकिंग देल्ली," म्हणाले, आणि शांतपणे चहा प्यायले.

ते गेल्यावर मी चरफडत तुकडा नखानं खरवडून काढला. डाग राहिला तो राहिलाच.

आज सकाळी काका पुन्हा हजर. टेबलावरच्या फोनचा कोपरा दाबला. डुगडुगला. मी कारण जुळवत होतो, पण त्यांनी काही विचारलंच नाही. शर्टाच्या खिशातून अगदी त्याच मापाचा दुसरा तुकडा काढला.

"तू काढशीन, मले मालूम होतं. कालच दोन कापले."