मिल बंद पडली तेव्हा

आमच्या धुळ्याच्या डाळमिलचं पुढचं नियोजन करायला कंपनीचे एक वरिष्ठ अधिकारी दर सोमवारी जळगावच्या मुख्य ऑफिसातून येतात. हळू बोलतात, चहा बशीत ओतून गार करतात आणि पुढच्या वर्षाबद्दल नेहमी भूतकाळात बोलतात. "आयात खुली झाली, तुरीचा भाव पडला, तेव्हा आपण गाफील होतो," असं सहज सांगतात. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे आधी वाटलं, मलाच मराठी नीट कळत नसेल.

यंदा कंपनी आपल्या दोनपैकी एकच मिल ठेवणार, अशी कुजबुज होती. मी इथे लागून वर्षही झालं नव्हतं. त्या सोमवारी त्यांनी सगळ्यांना समोर बसवलं. "धरून चला, ही मिल बंद पडली. का पडली ते एकेकानं सांगा. म्हणजे आधीच सावध होता येतं."

आमचे फोरमन आबा खालच्या यंत्रांकडे बोट दाखवत हसले. "चालू शे ना भाऊ. आवाज येस की."

"तेव्हाही येत होता, आबा," ते शांतपणे म्हणाले.

मग कुणी हसलं नाही. एकेक जण कारणं सांगू लागला, आणि प्रत्येकाचं बोलणं आपोआप भूतकाळात गेलं. खालच्या यंत्रांचा आवाज मला परका वाटायला लागला.

माझी पाळी आली. "ताई, तुम्हाला कधी कळलं?"

"सगळ्यात शेवटी," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावर खरी हळहळ होती.

"हो," ते म्हणाले. "तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं."