दहापैकी सहा

"घाई कोठी हाये?" असं म्हणत ते शर्टाच्या खिशातून कॅमेरा काढायचे. लोक तंबाखूची पुडी काढतात, तितक्या सहज. मग कॅमेरा तळहातावर ठेवून समोरच्याला विचारायचे, "घेऊ का?" समोरचा हो म्हणेपर्यंत थांबायचे, आणि हो म्हटल्यावरही थांबायचे. तेवढ्यात त्या माणसाला शिंक तरी यायची, नाहीतर कुणाचा फोन.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेलच. आमच्या दर्यापूरच्या बँकेतले ते सर्वांत जुने क्लार्क. ते अकोल्याहून यायचे, मी अमरावतीहून. सगळे त्यांना भाऊ म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. मी त्यांची अधिकारी आणि वयाने वीसेक वर्षांनी लहान. ते मला मॅडम म्हणायचे आणि करायचे स्वतःच्या मनाचं.

दर नोव्हेंबरला पेन्शनरांनी आपण जिवंत असल्याचा दाखला बँकेत द्यायचा असतो. ज्यांना चालवत नाही, त्यांच्या घरी आम्ही जायचो. मी फॉर्म भरायचे आणि भाऊ फोटो काढायचे. फोटोचा नियम कुठेच नव्हता, ती त्यांची स्वतःची पद्धत होती. या वर्षी काढलेला फोटो ते पुढल्या वर्षी त्या माणसाला नेऊन द्यायचे. जुन्या लेजरचा पुठ्ठा कापून त्यावर चिकटवलेला, वर दोरा ओवलेला. मागे सुवाच्य अक्षरात नाव, तारीख, आणि खाली आमच्या फॉर्मवरचेच शब्द: "हयात. समक्ष पाहिले."

"एक वर्ष कशाला लावता?" मी विचारलं होतं.

"मॅडम, फोटो घ्याले तरी मानूस वर्षभर थांबते," ते म्हणाले. मला तेव्हा हे आळसाला दिलेलं गोड नाव वाटलं. अजूनही थोडं वाटतं.

त्यांचा लाडका पेन्शनर म्हणजे एक निवृत्त शिक्षिका. दर्यापूरहून जीपने वीस मिनिटांवरच्या गावात त्या सुनेबरोबर राहायच्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून पलंगावरच. वय नव्वदीला टेकलेलं, आवाज मात्र अजून चौथीच्या वर्गातला. आम्ही दारात दिसलो की म्हणायच्या, "या. मी जित्ती हाये, लिहून घ्या."

मग मागच्या वर्षीचा फोटो हातात घेऊन चष्म्यातून वह्या तपासाव्यात तसा तपासायच्या, आणि उशीखालचा लाल पेन काढून मागे मार्क द्यायच्या. दहापैकी सहा. दर वर्षी सहाच.

"काहून जी बाई?" भाऊ विचारायचे.

"चुना फासल्यावानी तोंड दिसते माहं. मी काय भिंत हावो?"

बाईंचं म्हणणं खरं होतं. त्या खोलीत एकच लहान खिडकी. भाऊंचा तो छोटा कॅमेरा, ज्याला ते 'डबा' म्हणायचे, त्या अंधारात फ्लॅश मारायचा आणि बाईंच्या सुरकुत्या धुऊन निघायच्या. मार्क दिलेला फोटो सून भिंतीवर आधीच ठोकलेल्या खिळ्याला अडकवायची आणि लगेच शेजारी पुढच्या वर्षीचा खिळा ठोकायची.

या सहा मार्कांपायी भाऊंच्या डोक्यात नवा कॅमेरा शिरला. डिजिटल रेंजफाइंडर. त्याच्या कोपऱ्यात एक खिडकी असते. तिच्यातून पाहिलं की माणूस दोनदा दिसतो, एक ठळक, एक पुसट. भिंगाची कडी फिरवून दोघांना एकावर एक आणायचं, मग फोटो. फ्लॅश लागत नाही, आवाजही जवळजवळ नाही. ते त्याला 'जुळवायचा कॅमेरा' म्हणायचे.

घ्यावा की न घ्यावा, हे त्यांचं चार वर्षं चाललं होतं. जुन्या रजिस्टरच्या एका पानावर डावीकडे डबा, उजवीकडे जुळवायचा, असे दोन रकाने होते. डब्याखाली "लोक घाबरत नाहीत", जुळवायच्याखाली "बाईंची खोली". चहाच्या वेळी पान निघायचं, एखादी ओळ वाढायची, पान मिटायचं.

"मोबाईलने काढा की," मी एकदा वैतागून म्हटलं.

"मोबाईल समोर धरला की मानूस मोबाईलकडं पाह्यते. आपल्याकडं नाई."

शेवटी अकोल्यातल्या एका स्टुडिओवाल्या मित्राने आपला रेंजफाइंडर त्यांना दोन दिवसांसाठी दिला, वापरून पाहा आणि काय ते ठरवून टाका म्हणून. त्या नोव्हेंबरात आम्ही तो घेऊन बाईंकडे गेलो. बाईंना भाऊंनी आधी निरोप धाडला होता. त्या बुद्धपौर्णिमेची पांढरी साडी नेसून, उशांना टेकून बसल्या होत्या. मागच्या वर्षी काढलेला सातवा फोटो आला, सहा मार्क मिळाले, सातव्या खिळ्याला लागला. आठवा खिळा ठोकला गेला.

"यंदा सात तरी द्याल का?" भाऊ म्हणाले.

"फोटो पाह्यल्याबिगर मार्क देत नसतो."

भाऊंनी कॅमेऱ्याच्या खिडकीतून पाहिलं. कडी फिरवली. त्या दिवशी ते विचारायचेही विसरले. पुटपुटत होते, "जुळल्या, बाई जुळल्या." सहा फोटो काढले. बाई शेवटी हसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच दात दाखवून हसताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ सकाळी येऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले. "सहाच्या सहा काये," म्हणाले. काळे, साफ काळे.

झालं होतं असं. जीपच्या धुळीपासून जपायला त्यांनी भिंगावर टोपण लावलं होतं. डब्याला टोपण नसतंच, चालू केला की तो स्वतःच उघडतो. काढायची सवय हाताला नव्हती. आणि त्या रेंजफाइंडरची खिडकी भिंगापासून वेगळी; टोपण असलं तरी खिडकीतून बाई स्वच्छ दिसणार. कॅमेऱ्याच्या पाठीवरचा स्क्रीन मित्राने बंद करून दिला होता, जाणकार लोक तो बघत नाहीत म्हणून. मी तीन हातांवर बसले होते. काळ्या कॅमेऱ्यावरचं काळं टोपण मलाही दिसलं नाही, मी फॉर्म भरत होते. बाई त्या टोपणाकडे बघून हसल्या.

"दुपारी जाऊ परत," मी म्हटलं. "डबा आहे ना खिशात?"

त्यांनी खिसा चाचपला. "डब्यानं काढला तं आखीन सहाच. आता थो कॅमेरा घेतोच, अन् मंगच जातो. घाई कोठी हाये, मॅडम?"

डिसेंबरात ते भिंगाचा विचार करत होते. जानेवारीत नागपूरला एक जुना कॅमेरा बघून आले. फेब्रुवारीत पट्टा चामड्याचा घ्यावा की कापडी, इथवर पोचले. मी दोनदा आठवण केली, तिसऱ्यांदा चिडले आणि मग सोडून दिलं. तुम्हीही सोडलं असतं. मार्चमध्ये बाईंच्या सुनेचा बँकेत फोन आला. पेन्शन बंद करायची नोंद भाऊंच्याच टेबलावर गेली. त्यांनी ती केली, बाहेर गेले आणि नळाखाली बराच वेळ हात धूत राहिले. मला त्यांचा फार राग आला होता. दयाही आली, पण राग आधी.

आम्ही दोघं भेटायला गेलो. भिंतीवर सात बाई आणि एक रिकामा खिळा.

सून म्हणाली, "बाई सांगून गेल्या, भाऊ फोटो आनतीन, थो खिया रिकामा ठेवजो."

भाऊंनी सगळं सांगितलं. टोपणाचं सांगितलं, आणि खिशात डबा असूनही चार महिने आलो नाही, तेही सांगितलं. कुणी विचारलं नसताना. सुनेने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काया तं काया. निंगाला थोच आना. त्या तं बसल्या होत्या नं समोर."

मला वाटलं, माणसाला मोकळं करायला काहीतरी बोलायचं म्हणून ती बोलली.

भाऊंनी कॅमेरा घेतला नाही. रजिस्टरमधलं ते पान पुन्हा निघालं नाही, आणि "घाई कोठी हाये" हे मी त्यांच्या तोंडून परत ऐकलं नाही. पुढचा नोव्हेंबर त्यांचा नोकरीतला शेवटचा. त्या वर्षी ते डब्याने फोटो काढायचे आणि चौथ्या दिवशी नेऊन द्यायचे. मग निवृत्त झाले. आता ते अकोल्यात असतात म्हणे. आता पुष्कळ पेन्शनर मोबाईलला चेहरा दाखवतात, आणि जिवंत असल्याचं मोबाईलच सांगतो.

यंदा त्याच गावात एका पेन्शनरकडे जाणं झालं. परतताना बाईंच्या सुनेने चहाला हाक मारली. आत गेले आणि भिंतीकडे पाहिलं. आठव्या खिळ्याला लेजरच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक फोटो होता. पूर्ण काळा. दोरा ओवलेला.

"तवा तुमी दोघं आल्ते नं, त्याच्या लगेच चौथ्या दिवशी आनून देल्ला त्यायनं," सून म्हणाली.

मी तो काढून उलटा केला. तेच सुवाच्य अक्षर. बाईंचं नाव, त्या नोव्हेंबरातली तारीख, आणि "हयात. समक्ष पाहिले." खाली, दर वर्षीसारखी, मार्कांसाठी जागा सोडलेली होती.