भाचे, डोकं सांभाळा

मामीचा फोन आला तेव्हा मी धाराशिवच्या माझ्या दुकानात कुणाच्या तरी सातबाऱ्याची झेरॉक्स काढत होतो. "तुमचे मामा गेले," एवढंच ती म्हणाली. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "कुणी मारलं?" मामी म्हणाली, "कुणी न्हाय ओ. झोपंत गेले." आमच्या खानदानात या उत्तरावर कुणाचा पटकन विश्वास बसला नाही. दौलतमामा आणि झोपेत? ज्या माणसानं दारातली म्हैससुद्धा कधी भांडल्याशिवाय बांधली नाही, तो असा गुपचूप निघून जातो म्हणजे काय!

मामांचं गाव तुळजापूर-नळदुर्ग रस्त्यापासून जरा आत आहे. गावाबाहेर लिंबाखाली वीरगळांची एक रांग उभी आहे, जुन्या काळी लढाईत पडलेल्यांच्या आठवणीचे दगड. सगळ्यांत खालच्या चौकटीत कापाकापी चाललेली असते. गाई पळवणारे चोर, त्यांना आडवा गेलेला वीर, त्याच्या बरगडीत शिरलेला भाला, घोड्याच्या टापेखाली आलेलं एखादं मुंडकं. मधल्या चौकटीत अप्सरा त्या वीराला वर नेतात आणि सगळ्यांत वर तो महादेवाच्या पिंडीपुढं निवांत बसलेला. मामांना वरच्या दोन चौकटींत काडीचा रस नव्हता. "वर गेल्यावर समदेच निवांत असत्यात," ते म्हणायचे. "बघायचं ते खाली हाय."

देवीचं दर्शन घेऊन किल्ला बघायला निघालेल्या बसनं अर्धा तास आपल्या फाट्यावर थांबावं, एवढाच त्यांचा ध्यास होता. शेती मुलाच्या गळ्यात घातली आणि मामा रोज काठी घेऊन फाट्यावर. बस अडवण्याची त्यांची रीत मात्र पाहुण्याला बोलावण्याची नव्हती, गाई सोडवण्याची होती. थेट बॉनेटवर काठी! ड्रायव्हर खाली उतरून शिव्या देई, मामा दुप्पट देत, आणि भांडण बघायला उतरलेल्या माणसांना ते तसेच दगडांकडं वळवत. एकदा लग्नाआधीचे फोटो काढायला आलेलं एक जोडपं वीरगळावर पाय देऊन उभं राहिलं, तेव्हा कॅमेऱ्यासकट फोटोवाला ज्वारीत पळाला होता. नवरदेव त्याच्याही पुढं होता.

उतरलेल्या माणसांना मामा ती लढाई करून दाखवायचे. वीर ते स्वतः. चोर व्हायला गावातलं कुणी तयार होईना, कारण मामांच्या काठीची ओळख सगळ्यांना होती. मग रविवारी दुकान बंद ठेवून मी जायला लागलो. माझा एकंदर घेर बघता मी गाय म्हणून जास्त शोभलो असतो, पण चोर म्हणून पडलो... किती वेळा पडलो त्याला गणती नाही. अडचण एकच होती. मामानं भाच्याला मारलं की मामाचा हात थरथरायला लागतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. म्हणून काठी माझ्या कानाजवळून मातीत आदळायची. प्रत्येक वार घालण्याआधी मामा फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचे, "भाचे, डोकं सांभाळा." मग धुरळा, माझी किंकाळी, बायकांचं "अगं बाई!" आणि शेवटी सगळ्यांदेखत मामा वाकून माझ्या पाया पडायचे. नुसतं खोटं मारलं तरी दोष नको.

तरीही बसगाड्या आपणहून थांबेनात. कोण कुठल्या वीराला बघायला उतरतो? तेव्हा मामांनी गोष्टीला एक शेपूट जोडलं. वीर नुसत्या गाईंसाठी लढला नाही, दगडाखाली मोहरांचा हंडा पुरलाय, असं ते आवाज खाली आणून सांगायला लागले. माणसं उतरू लागली. दगडाकडं कमी आणि दगडाच्या बुडाकडं जास्त बघू लागली. मामा खूश!

हंडा न्यायला चौघं आले ते बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, गाव रिकामं असताना. जीप, पहारी, दोरखंड. मी मामीकडं जेवत होतो. दगडावर लोखंड आदळल्याचा आवाज आला तसा उष्ट्या हातानं धावलो. तोवर मधला वीरगळ आडवा होऊन कंबरेत मोडला होता. एक जण मनगट धरून ओरडत होता, हाड बाहेर आलेलं. ते मामांचं काम. आणि उरलेले तिघं मामांना तुडवत होते.

"हंडा कुठं सरकवला, बोल म्हाताऱ्या!"

"न्हाय रं हंडा! म्याच रचली ती गोष्ट!" मामांच्या तोंडातून रक्ताबरोबर शब्द पडत होते. ते जितकं कळवळून खरं सांगत, तितक्या जोरात लाथ बसे. खोट्यावर विश्वास ठेवून आलेल्यांना आता खरं पटेना.

मी "अरे, अरे" करत मधे घुसलो. एकानं माझ्यावर पहार उगारली. मामांनी ते पाहिलं आणि माझ्याकडं मान वळवून ओरडले, "भाचे, डोकं सांभाळा!" मी सवयीनं धाडकन पडलो. पहार वरून गेली. आणि मान वळली होती त्याच क्षणी दुसऱ्याची पहार मामांच्या काठीला खाच पाडून त्यांच्या कपाळावर उतरली. ओला नारळ फुटावा तसा आवाज आला... तो अजून माझ्या कानातून जात नाही.

चौघं जीप घेऊन पळाले. मामा वाचले. पण उजवा हात थरथरायला लागला. उमरग्याच्या डॉक्टरांनी मेंदूला मार लागल्याचं सांगितलं. मामांनी ते उडवून लावलं. "भाच्याला मारलंय म्या इतकी वर्सं. हात कापनार न्हाय तर काय!" पुढं ते फाट्यावर बसायचे, पण काठी उचलायचे नाहीत. थरथरत्या हाताचा नेम चुकला तर? कुणी हंड्याचं विचारलं की टोपी काढून कपाळावरची खोक दाखवायचे. "ह्यो घ्या हंडा. खाली निस्ता मुरूम हाय." बसगाड्या पुन्हा न थांबता जाऊ लागल्या.

दिवसकार्य उरकून मी निघणार, तर फाट्यावर एक बस थांबलेली. कुणी न अडवता! जुना, बॉनेटवरून भांडणारा ड्रायव्हर खाली उतरून मामीच्या दारापर्यंत आला होता आणि विचारत होता, "काठीवाले बाबा कुठं हायेत? बसमधल्या बायकांना लढाई बघायचीय." मामीनं पदरानं डोळे पुसले, दारामागची काठी आणली आणि माझ्या हातात दिली.

"मामी, मला फक्त मरता येतं."

"मग मारायला शिका की! किती दिस पडून ऱ्हानार?"

"चोर मी बनतो," ड्रायव्हर म्हणाला. "लई शिव्या दिल्यात बाबांना."

मोडलेल्या वीरगळापुढं तो उभा राहिला. बायका लिंबाच्या सावलीत बसल्या. मी काठी उगारली तेव्हा ती पहारीची खाच नेमकी माझ्या बोटांखाली आली, आणि कुठल्याही भाच्याला न मारता माझा हात थरथरायला लागला. वार खाली येण्याआधी, फक्त त्यालाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात, मी म्हणालो, "डोकं सांभाळा."